चिनी अधिक महिना आणि सूर्याचे चोवीस मुक्काम

लांबचा वाटसरू

४ फेब्रुवारी २०२२ ला बीजिंगमध्ये हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. त्या सोहळ्याची उलटी मोजणी दहापासून नव्हे, चोवीसपासून सुरू झाली. प्रत्येक आकड्यासोबत पडद्यावर एक नाव येत होतं: पावसाचं पाणी, किड्यांची जाग, धान्याचा पाऊस, पांढरं दव, थंडीचं दव… आणि अगदी शेवटी, एक म्हणताना, वसंतारंभ. चिनी गणिताने त्याच दिवशी वसंत लागत होता. जगभरच्या प्रेक्षकांना ही नुसती काव्यमय नावं वाटली असतील. चीनमधल्या शाळकरी पोरांना ती ओळीने पाठ असतात.

चीनच्या पारंपरिक संस्कृतीची ओळख होईल असं काहीतरी लिही, अशी मागणी या मंचावर अधूनमधून होते. भिंत, रेशीम, चित्रलिपी, कन्फ्यूशियस यांवर वाचायला पुष्कळ मिळतं, त्यामुळे मी पंचांगापासून सुरुवात करतोय. अधिक महिना, संक्रांत, पौर्णिमा हे शब्द घरातच ऐकलेल्या मराठी माणसाला चीन समजून घ्यायला याहून जवळची वाट मला तरी दिसत नाही.

मूळ रचना आपल्यासारखीच आहे. महिने चंद्राचे, २९ किंवा ३० दिवसांचे. ज्या दिवशी अमावस्या होते तोच महिन्याचा पहिला दिवस. बहुतेक महिन्यांना नावाऐवजी नुसता क्रमांक. बारा चांद्रमासांचं वर्ष ३५४ दिवसांत संपतं, सूर्य मात्र ३६५ घेतो. ही तूट भरायला साधारण १९ वर्षांत ७ अधिक महिने घालावे लागतात. तो कुठे घालायचा याचा नियम ऐकला तर आपल्या गावच्या जोशीबुवांचा वाटेल: ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही, तो अधिक. चीनमध्ये हा नियम इ. स. पू. १०४ मध्ये, हान घराण्यातल्या वू बादशहाच्या काळात, ‘ताइछू’ नावाच्या पंचांगाने पक्का झाला. त्याआधी जादा महिना वर्षाच्या शेपटाला जोडून मोकळे होत.

आता फरक. आपल्याकडे अधिक महिना आधी येतो आणि निज नंतर: अधिक श्रावण, मग निज श्रावण. त्यांच्याकडे नेहमीचा सहावा आधी, मग ‘अधिक सहावा’. सण दोघेही अधिकात करत नाहीत, म्हणून आपले सण दोनांपैकी दुसऱ्या महिन्यात पडतात आणि त्यांचे पहिल्यात.

दुसरा फरक मोठा आहे. त्यांची संक्रांत ताऱ्यांच्या राशींवर ठरत नाही, ऋतूंवर ठरते. वसंतसंपातापासून सूर्याच्या वाटेचे त्यांनी पंधरा-पंधरा अंशांचे चोवीस भाग पाडले. हेच ते चोवीस मुक्काम, चिनीत ‘ज्येछी’. साधारण दर पंधरा दिवसांनी एक बदलतो. त्यांतले एकाआड एक असे बारा संक्रांतीचं काम करतात आणि अधिक महिना त्यांवर ठरतो. दोन संपात आणि दोन अयनं या बारांतच आहेत. म्हणून चीनमध्ये दक्षिणायन संपतं तो दिवस २१-२२ डिसेंबरला साजरा होतो, उत्तरेत डंपलिंग आणि दक्षिणेत तांदळाच्या पिठाचे गोळे खाऊन. आपली मकरसंक्रांत उत्तरायणाचं नाव सांगत १४-१५ जानेवारीला येते.

तिसरा फरक गणितातला नाही, पण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे पंचांग कुणाच्या एकाच्या मालकीचं कधीच नव्हतं. गावोगाव जोशी, प्रांतोप्रांती वेगळं करण (पंचांगगणिताचा ग्रंथ), एकादशी स्मार्तांची वेगळी आणि भागवतांची वेगळी, आणि त्यावर कुणाला फारसं आश्चर्यही नाही. चीनमध्ये पंचांग बादशहाचं. आकाशाचा पुत्र म्हणून तो राज्य करणार, तर आकाशात काय घडणार हे त्याच्याच कचेरीतून सांगितलं गेलं पाहिजे. ग्रहणाचं भाकीत चुकलं तर प्रश्न गणितज्ञाच्या पगारापुरता राहत नसे, राजाच्या अधिकारावर येत असे. दर वर्षी नवीन पंचांग दरबारातून बाहेर पडे. कोरियासारख्या राज्यांनी ते स्वीकारणं म्हणजे चिनी बादशहाचं वर्चस्व मान्य करणं.

खासगी छपाईला बंदी होती. ८३५ मध्ये थांग दरबाराने ती घातली, कारण सछ्वानच्या बाजारात सरकारी पंचांग निघण्याआधीच लाकडी ठशांनी छापलेली पंचांगं विकली जात होती. बंदी कितपत चालली? दुन्हुआंगच्या गुहेत सापडलेलं ८७७ सालचं छापील पंचांग आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पुढे मिंग घराण्याच्या काळातल्या सरकारी पंचांगावर तर छापलेलंच असे की नकली पंचांग काढणाऱ्याचा शिरच्छेद होईल आणि पकडून देणाऱ्याला चांदीचं बक्षीस मिळेल.

तूर्त एवढंच. प्रश्न आले तर प्रतिसादांत लिहीन.

---

रेवती_पु

मस्त सुरुवात! मुलाच्या वर्गात चिनी नववर्षाचा कागदी कंदील करून आणायला सांगितला होता. तेव्हापासून एक शंका आहे. हे नववर्ष कधी जानेवारीत, कधी फेब्रुवारीत असतं. आपल्या कुठल्या तिथीला येतं ते सांगता येईल का? म्हणजे लक्षात ठेवायला बरं.

---

लांबचा वाटसरू

रेवती, येतं की. दक्षिणायन जिथे संपतं तो त्यांचा अकरावा महिना, हे ठरलेलं. त्यामुळे नववर्ष बहुधा त्यानंतरच्या दुसऱ्या अमावस्येला, म्हणजे २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान. आपल्या हिशेबात ही बरेचदा पौषातली अमावस्या. २०२५ मध्ये २९ जानेवारीला प्रयागला मौनी अमावस्येचं स्नान होतं, त्याच दिवशी चीनमध्ये नववर्ष. पण २०२५ मध्ये चिनी पंचांगात अधिक सहावा महिना पडला (२५ जुलै ते २२ ऑगस्ट) आणि आपला अधिक ज्येष्ठ २०२६ च्या मे-जूनमध्ये. म्हणून मधल्या काळात ते आपल्या एक महिना मागे राहिले. २०२६ चं त्यांचं नववर्ष १७ फेब्रुवारीला, आपल्या महाशिवरात्रीनंतरच्या अमावस्येला.

याच गोंधळातली एक छान गोष्ट. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला त्यांचा मध्य-शरदाचा सण असतो. रात्री चंद्र बघायचा, कुटुंबाने एकत्र बसायचं, सारण भरलेले गोल मूनकेक खायचे. एरवी ही आपली भाद्रपदातली पौर्णिमा. २०२४ मध्ये तो १७ सप्टेंबरला होता आणि आपली कोजागरी त्यानंतर महिन्याने. २०२५ मध्ये मात्र अधिक महिन्यामुळे त्यांचा सण पुढे सरकला आणि ६ ऑक्टोबरला दोन्ही सण एकाच चंद्राखाली झाले. चीनमधल्या आम्हा मराठी मंडळींनी मसाला दूध आटवलं आणि शेजाऱ्यांकडून मूनकेकचे डबे आले. (मूनकेक मला आवडत नाहीत. कमळबियांच्या गोड सारणात खारवलेल्या अंड्याचा बलक हा प्रकार माझ्या जिभेला अजून पटलेला नाही.)

---

बांधावरून

वाटसरू भाऊ, चोवीस मुक्काम वाचले आणि आमची पावसाची नक्षत्रं आठवली. आम्ही परभणीकडचे. शेतकऱ्याला तिथीपेक्षा नक्षत्र महत्त्वाचं. रोहिणी, मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस. ७-८ जूनला मृग निघाला की पेरणीची घाई. आणि रब्बीला ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती’. हे सगळं सूर्याचंच गणित आहे, चंद्राचं नाही. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो. म्हणजे तुमच्या चिन्यांचे चोवीस तर आमचे सत्तावीस. त्यांच्याकडे वाहन असतं का हो? यंदा मृगाचं वाहन बेडूक की गाढव, यावर आमच्या पारावर दोन तास जातात.

---

लांबचा वाटसरू

बांधावरून, तुम्ही नेमका धागा पकडलात. वाहन नाही, पण त्याहून गमतीचं काही आहे. प्रत्येक मुक्कामाचे पाच-पाच दिवसांचे तीन तुकडे, म्हणजे वर्षाचे बहात्तर. प्रत्येक तुकड्याला निसर्गातली एक खूण. मार्चच्या ५-६ तारखेला किड्यांची जाग लागते: आधी पीचला फुलं, मग हळद्या पक्ष्याची शीळ, मग… बहिरी ससाण्याचा होला होतो! जुलैअखेर कुजलेल्या गवतातून काजवे जन्मतात. एप्रिलमध्ये शेतातला उंदीर लावा पक्षी बनतो. निरीक्षण बारीक, स्पष्टीकरण अचाट. ससाणे दिसेनासे झाले आणि होले घुमू लागले, हे त्यांनी बरोबर टिपलं होतं.

शेतीच्या म्हणीही आहेत. छिंगमिंग या मुक्कामाच्या (४-५ एप्रिल) आगेमागे भोपळा-काकडी लाव आणि कडधान्य टोच, ही सगळ्यांना ठाऊक असलेली. तुमच्या मृगाच्या दोन दिवस आधी, ५-६ जूनला, त्यांचा ‘मांगचोंग’ लागतो. गहू कापायचा आणि भात लावायचा, दोन्ही एकाच वेळी, त्यामुळे वर्षातला सगळ्यांत धावपळीचा मुक्काम. पण हे सारं वेळापत्रक पीत नदीच्या खोऱ्यातलं आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात ‘लहान हिम’ आणि ‘मोठं हिम’ येतात. दक्षिणेला क्वांगतोंगमध्ये त्या दिवसांत लोक पातळ स्वेटर घालून फिरतात. नावं मात्र तीच, कारण पंचांग एकच.

चहावर तर या तारखांची थेट किंमत लागते. हांगचौच्या लोंगजिंग चहाची जी पानं छिंगमिंगच्या आधी खुडली जातात ती सगळ्यांत महाग. थंडीत हळू वाढलेले कोवळे कोंब, उत्पादन थोडं. छिंगमिंग ते २० एप्रिलच्या सुमारास येणारा ‘गूयू’ या मधल्या काळातली पानं दुसऱ्या नंबरची. गूयूनंतरचा चहा आमच्यासारख्यांच्या थर्मासात जातो. दुकानात चहाच्या नावाइतकाच हा ‘आधीचा की नंतरचा’ प्रश्न विचारतात.

---

अर्धवट गणिती

उत्तम धागा. सायन-निरयन (ऋतूंवर मोजायचं की ताऱ्यांवर) हा मुद्दा थोडा खोलात सांगतो, कारण महाराष्ट्रात यावर एकेकाळी शाई सांडलेली आहे.

आपलं मृग नक्षत्र ताऱ्यांना बांधलेलं आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, म्हणून तारे आणि ऋतू यांत साधारण ७० वर्षांना एका दिवसाची फारकत होते. ज्ञानेश्वरांच्या काळी सूर्य मृगात शिरायचा तो ऋतूच्या हिशेबाने आजच्यापेक्षा सुमारे दहा दिवस आधी, म्हणजे आजच्या तारखांत मे महिना संपता संपता. आणखी हजारभर वर्षांनी पाऊस तोच असेल, पण मृगाचा मान रोहिणीकडे गेलेला असेल. चिनी मांगचोंग मात्र तेव्हाही भातलावणीच्याच दिवसांत. शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि विसाजी रघुनाथ लेले एकोणिसाव्या शतकात सायन पंचांगाची बाजू मांडत होते ती याच कारणाने. लोकांनी ऐकलं नाही. १९५७ मध्ये मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून राष्ट्रीय दिनदर्शिका आली, तीही सरकारी कागदांच्या कोपऱ्यात राहिली.

चिन्यांनीही एक बदल पचवला. १६४५ पर्यंत ते वर्षाचे सरळ चोवीस समान भाग करत, प्रत्येकी सव्वापंधरा दिवसांचे. त्या वर्षापासून सूर्याच्या प्रत्यक्ष गतीने मोजू लागले. पृथ्वी जानेवारीत वेगाने धावते, त्यामुळे हिवाळ्यातले मुक्काम पावणेपंधरा दिवसांचे झाले आणि उन्हाळ्यातले पावणेसोळाचे. तिथल्या शेतकऱ्याला काही फरक पडला नसेल. अधिक महिन्याच्या गणितात मात्र पडला.

---

शंकासुर

सगळं ठीक आहे, पण हे सरळ आपल्याकडून उचललेलं दिसतंय. संक्रांतीवरून अधिक महिना, साठ वर्षांचं चक्र, आणि मी वाचलंय की त्यांच्याकडे २८ नक्षत्रंसुद्धा आहेत. बौद्ध भिक्षूंबरोबर गेलं असणार. मान्य करायला काय जातं?

---

लांबचा वाटसरू

शंकासुर, मान्य करायला काही जात नाही, पुरावा मात्र लागतो. १९७८ मध्ये हुबै प्रांतात सुइचौजवळ झंग संस्थानाचा सरदार ‘यी’ याची कबर उघडली. दफन इ. स. पू. ४३३ च्या सुमाराचं. तिथल्या लाखकाम केलेल्या पेटीच्या झाकणावर सप्तर्षींच्या चिन्हाभोवती अठ्ठावीसही नक्षत्रांची नावं लिहिलेली आहेत. चीनमध्ये बौद्ध धर्म पोचला त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आपल्या नक्षत्रांची यादीही वैदिक, जुनी. काही नक्षत्रं दोघांची एकच (कृत्तिका), बरीचशी वेगळ्या ताऱ्यांची. कुणी कुणाकडून घेतलं यावर विद्वान दीड-दोन शतकं वाद घालताहेत, तो तुमच्या-माझ्या प्रतिसादांनी मिटणार नाही.

साठचं चक्रही त्यांचं घरचं. दहा ‘खोडं’ आणि बारा ‘फांद्या’ जोडीने पुढे सरकतात, साठाव्या पावलानंतर पहिली जोडी परत येते. शांग काळातल्या, तीन हजार वर्षांपूर्वीच्या भविष्य पाहण्याच्या हाडांवर याच जोड्यांनी दिवस मोजलेले आहेत. लोकांना माहीत असलेले उंदीर, बैल, वाघ हे बारा प्राणी याच फांद्यांना नंतर चिकटले. इतिहाससुद्धा या नावांनी ओळखला जातो: १९११ ची क्रांती म्हणजे ‘शिनहाय’ वर्षाची क्रांती. आपली प्रभव, विभव वगैरे साठ संवत्सरं गुरूच्या गतीवरून आलेली. योगायोगाने दोन्ही चक्रं जवळजवळ सुरू झाली, त्यांचं १९८४ मध्ये, आपलं प्रभव १९८७ च्या पाडव्याला.

भारतातून जे खरंच गेलं ते मात्र अभिमानाने सांगण्यासारखं आहे, आणि लोकांना तेच माहीत नसतं. थांग काळात राजधानी चांगआनच्या सरकारी खगोल कचेरीत भारतीय वंशाच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली. त्यांतल्या गौतम सिद्धाने (चिनी उच्चार छ्यूथान शिता) ७१८ मध्ये ‘नवग्रह’ पंचांगाचं चिनीत भाषांतर केलं. त्यात ज्या-सारणी (त्रिकोणमितीतल्या साइनचं कोष्टक) होती, शून्यासाठी टिंब होतं. राहू आणि केतू तिकडे गेले आणि चिनी फलज्योतिषात ‘लोहौ’ आणि ‘चितू’ म्हणून टिकले. शून्याच्या टिंबाला मात्र त्या वेळी तिथे कुणी विचारलं नाही. राहू-केतू घेतले आणि शून्य ठेवून दिलं, याची मला दर वेळी हळहळ वाटते.

---

अनारसे

मी तैवानमध्ये, तैपेला राहते. वाटसरूंनी अधिक महिन्याचं गणित सांगितलं, घरातलं मी सांगते.

आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणजे जावयाची चैन. तेहतीस अनारसे, चांदीचं ताट, धोंड्याचं जेवण. इथे उलट. अधिक महिन्यात लग्न झालेली लेक माहेरी जाते आणि आई-वडिलांना डुकराच्या पायांचं कालवण आणि सोबत बारीक लांब शेवया खाऊ घालते. पाय मजबूत राहावेत, आयुष्य शेवयांसारखं लांबावं म्हणून. जादा महिना म्हातारपणावर भारी असतो अशी समजूत, ती लेकीने टाळायची. जुलै २०२५ मध्ये दुकानांत या शेवयांचे तयार डबे रचलेले होते. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने आईला ते पोस्टाने पाठवले आणि वर फोनवर बोलणी खाल्ली.

चीनमध्ये काही भागांत याच्या पुढे जातात. म्हाताऱ्यांसाठी अंत्यवस्त्रं शिवून घ्यायला आणि शवपेटी करवून घ्यायला अधिक महिना शुभ. पेटी तयार असली की आयुष्य वाढतं म्हणे. हे मी एकदा सासूबाईंना फोनवर सांगितलं. पुढे दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत, मग विचारलं, “जावयाला काही नाहीच का?”

---

माझगावकर

अवांतर: मुंबईत माझगावला, गोदीच्या बाजूला, सी यिप कून नावाचं चिनी मंदिर आहे. १९१९ च्या सुमाराचं. देऊळ वरच्या मजल्यावर. चिनी नववर्षाला उदबत्त्या, लाल कागद, नमस्कार करायला आलेली मुंबईकर चिनी कुटुंबं. हिंदी आपल्यापेक्षा चांगलं बोलतात. मुंबईत असाल तर बघून या, पण सणाच्या दिवशी जरा आदबीने, ते लोकांच्या पूजेचं ठिकाण आहे.

---

शंकासुर

बरं, नक्षत्रांवर तहकुबी. आता खरं सांगा, आजच्या चीनमध्ये हे पाळतं कोण? सगळे मोबाइलवर जगतात. आणि कम्युनिस्ट सरकारला कसलं आलंय पंचांग?

---

लांबचा वाटसरू

पाळतात, पण सरळ रेषेत नाही. इथेच मूळ धाग्यातला तिसरा मुद्दा परत येतो. पंचांग राज्यकर्त्याचं असलं की राज्यकर्ता बदलला की त्यावर हात पडतो.

१९१२ च्या १ जानेवारीपासून नव्या प्रजासत्ताकाने इंग्रजी कॅलेंडर घेतलं. जुन्या नववर्षाला ‘वसंत सण’ हे नाव तेव्हाचंच, म्हणजे जे आज इतकं प्राचीन वाटतं ते शंभर-सव्वाशे वर्षांचं आहे. पुढे १९२८ नंतर राष्ट्रवादी सरकारने जुनं नववर्ष बंदच करायचा प्रयत्न केला. दुकानं उघडी ठेवा, फटाके नकोत, जुनी पंचांगं छापू नका. लोकांनी नमस्कार केला आणि घरात सण केला. सांस्कृतिक क्रांतीत, १९६७ मध्ये, वसंत सणाची सुट्टी रद्द झाली, क्रांतीत गुंतलेल्या जनतेला सुट्टी नको म्हणून. आणि २००८ पासून त्याच सरकारने छिंगमिंग, ड्रॅगन नौकांचा सण आणि मध्य-शरद या तिन्हींना राष्ट्रीय सुट्ट्या दिल्या. २०१६ मध्ये चोवीस मुक्काम युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले, २०२४ मध्ये वसंत सणही. आता सरकारी वाहिन्या, चहाची दुकानं, हवामानाची ॲप, सगळे दर पंधरा दिवसांनी ‘आज अमुक मुक्काम’ म्हणून चित्रं टाकतात. बादशहाची कचेरी पुन्हा उघडल्यासारखं वाटतं मला कधीकधी. त्यात खरं प्रेम आहे आणि राष्ट्राभिमानाचा हिशेबही आहे.

लोकांपुरतं बोलायचं तर छिंगमिंगला आजही कोट्यवधी माणसं पूर्वजांच्या कबरी झाडायला गावी जातात. लग्नाचे दिवस पंचांगाच्या ‘करावं, टाळावं’ या रकान्यांत पाहिले जातात. चांद्रवर्षात वसंतारंभ (३-५ फेब्रुवारी) येतच नसेल तर ते ‘विधवा वर्ष’, लग्नाला वाईट. २०२४ चं ड्रॅगन वर्ष १० फेब्रुवारीला लागलं आणि २८ जानेवारी २०२५ ला संपलं, वसंतारंभ निसटला. त्या साली चीनमध्ये सुमारे ६१ लाख लग्नं नोंदली गेली, आदल्या वर्षीपेक्षा वीस टक्क्यांनी कमी. सगळं खापर पंचांगावर फोडू नका. घरांच्या किमती, नोकऱ्या, तरुणांची घटलेली संख्या ही कारणं मोठी आहेत. पण सरकारी मुलाखतींपेक्षा मुलींच्या आयांशी बोललं तर विधवा वर्षाचा उल्लेख लवकर येतो.

---

रेवती_पु

गणितींनी १६४५ म्हटलं तिथे काय झालं? अचानक पद्धत का बदलली?

---

अर्धवट गणिती

मिंग जाऊन चिंग घराणं आलं, आणि नव्या घराण्याला नवं पंचांग हवं होतं. ते बनवलं आडाम शाल या जर्मन जेझुइट पाद्र्याने, युरोपीय गणिताने. जुन्या चिनी आणि मुस्लिम खगोलविदांच्या डोळ्यांत ते सलत होतं. १६६४ मध्ये यांग क्वांगशियेन नावाच्या विद्वानाने आरोप केले. एक असा की बाल राजपुत्राच्या दफनाचा मुहूर्त मुद्दाम अशुभ काढला. शालला देहदंड सुनावला गेला. तेवढ्यात बीजिंगला भूकंप झाला, आकाशाचा कौल समजून त्याला सोडलं, पण त्याच्या पाच चिनी ख्रिस्ती सहकाऱ्यांची डोकी उडाली. शाल १६६६ मध्ये गेला.

यांगला आता पंचांगखातं मिळालं आणि ते त्याला झेपेना. १६६८ च्या डिसेंबरात चौदा वर्षांच्या खांगशी बादशहाने साधी परीक्षा लावली: उद्या दुपारी या खांबाची सावली नेमकी कुठवर येईल ते आज सांगा. फर्डिनांड फर्बीस्ट या दुसऱ्या जेझुइटाने सांगितलं तिथेच सावली पडली. मग त्याने यांगचं पंचांग तपासलं आणि जाहीर झालेला अधिक महिना चुकीचा आहे म्हणून काढून पुढच्या वर्षात ढकलायला लावला. अख्ख्या साम्राज्याचा महिना! फर्बीस्टने घडवलेली पितळी उपकरणं बीजिंगच्या जुन्या वेधशाळेच्या गच्चीवर आजही उभी आहेत.

---

हनोईची पाहुणी

महिना ढकलण्यावरून: आमच्या व्हिएतनाममध्ये हे अगदी अलीकडे झालंय. व्हिएतनामी नववर्ष, तेत, त्याच चिनी नियमांनी ठरतं. पण उत्तर व्हिएतनामने १९६७ मध्ये स्वतःचं घड्याळ वापरायचं ठरवलं, बीजिंगच्या एक तास मागे. १९६८ ची अमावस्या हनोईत रात्री साडेअकराला झाली, सायगावच्या आणि बीजिंगच्या घड्याळात साडेबाराला. म्हणून उत्तरेने २९ जानेवारीला तेत केला, दक्षिणेने ३० ला. व्हिएतनाम युद्धातल्या तेत मोहिमेत काही तुकड्यांनी एक दिवस आधी हल्ला केला तो याच घोळामुळे असं मानतात.

आणि १९८५! त्याआधीच्या डिसेंबरात अयनाचा क्षण हनोईच्या २१ तारखेला रात्री अकरा-तेवीसला पडला, बीजिंगच्या २२ ला बारा-तेवीसला. मधल्या मध्यरात्रीने महिनाच बदलला. व्हिएतनामचा तेत २१ जानेवारीला, चीनचं नववर्ष २० फेब्रुवारीला. एक तासाने एक महिना.

---

बांधावरून

बापरे. आमच्याकडे दोन पंचांगांत एकादशी एका दिवसाने हलली तर वारकरी दोन दिवस उपास करून मोकळे होतात.

एक शंका राहिली. अधिक महिन्यात जन्मलेल्याचा वाढदिवस कधी? आणि आपल्यासारखा क्षयमास त्यांच्याकडे होतो का?

---

लांबचा वाटसरू

वाढदिवस नेहमीच्या महिन्यात करतात. अधिक सहाव्यात २०२५ मध्ये जन्मलेल्या बाळाला पुढचा अधिक सहावा २०३६ मध्ये मिळेल, तोवर साध्या सहाव्यावर भागवायचं. तरुण मंडळी इंग्रजी तारीखच धरतात. चांद्र वाढदिवस आता आजी-आजोबांचे.

क्षयमास नाही. आपल्याकडे एका चांद्रमासात दोन संक्रांती आल्या की महिना गळतो, १९६३-६४ आणि १९८२-८३ मध्ये तसं झालं. चिनी पंचांग महिना कधीच गाळत नाही. दक्षिणायनाचा शेवट अकराव्यात राहिला पाहिजे, आणि अशा दोन अकराव्यांच्या मध्ये तेरा महिने भरत असतील तरच अधिक, एवढं ते सांभाळतं. त्याची पुढची कसोटी २०३३ मध्ये आहे. त्या वर्षी सातव्यानंतरच्या महिन्यात संक्रांत नाही, म्हणून जुन्या छापील कोष्टकांत अधिक सातवा दिला होता. नियम नीट लावला तर तो अधिक ठरतच नाही. खरा अधिक येतो अकराव्यानंतर, २२ डिसेंबर २०३३ पासून. हे लक्षात आल्यावर कोष्टकं दुरुस्त झाली. कुणाच्या कपाटात जुनं शंभर वर्षांचं पंचांग असेल तर मध्य-शरद ७ ऑक्टोबर दाखवेल. तो ८ सप्टेंबरला आहे, मूनकेकची ऑर्डर त्या हिशेबाने द्या.